कॅम्पर व्हॅन भाड्याने घेताय? आधी मोरीचं पाणी मोजा

संभाजीनगरात ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली कॅम्पर व्हॅन आता दिवसाच्या भाड्याने मिळते. चौघांची झोपायची सोय, मागे संडास-न्हाणी, दाराशी ओटा, टपावर एसी आणि सोलर. हे परीक्षण अशाच एका गाडीचं, नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय), म्हैसमाळ आणि दिवेआगर अशा तीन मुक्कामांच्या हिशेबाने. बांधणी पक्की आहे, गाद्या बऱ्या आहेत, फ्रीज उत्तम. जाहिरातीत मोठा फोटो एसीचा असतो, पण मुक्काम किती दिवसांचा हे ठरवते ती सांडपाण्याची टाकी, आणि तिचा फोटो कुणीच टाकत नाही.

स्वच्छ पाण्याची टाकी १०० लिटरची, सांडपाण्याची ६० लिटरची. इथेच गणित फसतं. चौघांच्या अर्ध्या-अर्ध्या बादलीच्या आंघोळीला ४० लिटर, भांड्यांना १२, हात-तोंड धुण्याला १०. म्हणजे पहिल्याच दिवशी ६२ लिटर मोरीत जातं आणि खालची टाकी तुडुंब. वर अजून ३५-४० लिटर शिल्लक असूनही वापरता येत नाही. वापरलंच तर न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटं वर येतं. उपाय एकच, आंघोळ मुक्कामाच्या ठिकाणच्या न्हाणीघरात उरका. मग हीच टाकी अडीच दिवस पुरते. प्यायला वीस लिटरचा जार वेगळा ठेवा, टाकीतलं पाणी पिऊ नका.

पंप घरघरतोय पण नळाला पाणी नाही, ही या गाडीची नेहमीची तक्रार. कारणं दोन. एक, गाडी तिरकी उभी असेल आणि पाणी अर्ध्याखाली असेल तर पंप हवा ओढतो; खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून गाडी सपाट केली की प्रश्न मिटतो. दुसरं, पंपाच्या तोंडाची गाळणी. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड, टँकरचं गढूळ. दोन-तीन भरण्यांत जाळी बुजते. गाळणी हाताने फिरवून निघते, पाच मिनिटांचं काम. शॉवरच्या भोकांवर पांढरा थर बसला असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून तासभर बुडवून ठेवा.

संडासाची कॅसेट, म्हणजे खालची ओढून काढता येणारी मैल्याची टाकी, २० लिटरची. चौघांत दीड दिवस, ताणून दोन. ती पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलच्या संडासात विचारूनच रिकामी करायची. नाथसागराच्या काठावर तर मोरीचा नळसुद्धा उघडायचा नाही. संभाजीनगरच्या नळाला येतं ते हेच पाणी.

आता वीज. लिथियम बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर, म्हणजे भरलेली असताना अडीच युनिट. फ्रीज दिवसाला अर्धा-पाऊण युनिट घेतो, दोन पंखे रात्रभर चालले तर पाव युनिटाच्या आसपास, दिवे-मोबाईल किरकोळ. सगळं मिळून सव्वा युनिटाच्या आत. टपावरचं ३०० वॉटचं सोलर हिवाळ्याच्या लख्ख उन्हात एक-सव्वा युनिट देतं, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिशेब जेमतेम जुळतो. पण गाडी कडुनिंबाखाली लावली की सोलर मेलं. सावली हवी की वीज, हे आधी ठरवा. एसीचा कॉम्प्रेसर सलग चालला तर तासाला साधारण एक युनिट ओढतो. बॅटरीवर दोन तास, बस्स. मे महिन्यात रात्रभर एसी लागणार असेल तर बाहेरचा प्लग हवाच. तो नसेल तर मे महिन्यात ही गाडी घेऊच नका.

तो प्लग १५ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. पंख्याच्या ५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये ॲडॉप्टर खुपसून एसी चालवला तर बोर्ड वितळू शकतो. शेतातल्या हॉटेलांत कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि एसीचा कॉम्प्रेसर कण्हत बंद-चालू होतो. तेव्हा एसी बंद ठेवून फक्त चार्जिंग चालू द्या. वायर जोडल्यावर गाडीच्या पत्र्याला टेस्टर लावून पाहा. पेटला तर अर्थिंग नाही, लगेच काढा. धावत्या गाडीत इंजिनवरून ३० अँपिअरने चार्जिंग होतं, तीन तासांत साधारण सव्वा युनिट. त्यामुळे रोज थोडी गाडी हलणारी सहल या व्हॅनला एका जागी बसून राहण्यापेक्षा जास्त मानवते.

मुक्कामांचं सांगायचं तर नाथसागर, पैठणच्या बाजूला, शहरापासून ५० किलोमीटर. जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. पैठणात किंवा रस्त्यालगतच्या हॉटेलच्या आवारात मुक्काम करून पहाटे पक्षी पाहायला जा. मोह होतो तो गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर थेट पाण्यापर्यंत गाडी नेण्याचा. वरून भेगा पडलेली कोरडी खपली, खाली लोण्यासारखा गाळ. मागची चाकं एकदा बसली की एक्सलपर्यंत जातात, आणि ट्रॅक्टरवालाही ओढायला आधी नकार देतो, मग भाव सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरात वर नाशिककडे पाऊस झाला की इथे थेंब नसतानाही काठ पुढे सरकतो. डांबर किंवा मुरूम सोडू नका.

म्हैसमाळ हजार मीटरच्या वर. पाणी खाली खुलताबादेतच भरून घ्या. पठारावर वारा मोकाट आहे. गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत संध्याकाळी गुंडाळलंच पाहिजे, नाहीतर त्याचे हात वाकतात आणि डिपॉझिट जातं. शेगडी आत पेटवली तर समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर तरी उघड्या हव्यात. थंडीत सगळं बंद करून चहा उकळणं जिवावर बेतू शकतं. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो.

दिवेआगर पुणे आणि ताम्हिणी घाटमार्गे साधारण ४०० किलोमीटर. भाड्यात दिवसाला २५० किलोमीटर धरलेत, म्हणजे तीन दिवसांत ७५०. नुसतं जाऊन-येऊनच ८००. समुद्र हवा तर किमान चार दिवस घ्या, नाहीतर वरचे किलोमीटर महागात पडतात. टपावरच्या एसीसकट उंची सव्वानऊ फुटांच्या आसपास, आणि कोकणातल्या वाड्यांच्या गल्ल्या अरुंद, वर लोंबत्या तारा आणि पोफळी. बुकिंगच्या आधी यजमानांना फाटकाची रुंदी विचारा, फूटपट्टीने मोजलेली. वाळूत गाडी उतरवू नका. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीच्या वेळी तशी राहत नाही, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. परतताना पहिल्याच वॉशिंग सेंटरवर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पायऱ्यांच्या बिजागऱ्या आठवड्यात गंजतात.

कागदपत्रांच्या बाबतीत तीनच गोष्टी पाहा. स्वतः चालवायची असेल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत; पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकटची गाडी. लायसन्स हलक्या वाहनाचं चालतं. ७,५०० किलोपर्यंतच्या व्यावसायिक वाहनालाही ते पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आरसीवरची आसनसंख्या मोजा, गाद्या नव्हे.

गाडी ताब्यात घेताना पाणी भरून सगळे नळ सोडा, फ्रीज अर्धा तास चालवा, कॅसेट बाहेर ओढून पाहा, मोरीची टाकी रिकामी असल्याची खात्री करा. आधीच्या गिऱ्हाइकाचं पाणी आत राहिलेलं असतं आणि ते उन्हात दुसऱ्या दिवशी स्वतःची ओळख करून देतं. या सेवेला पाचपैकी साडेतीन. सांडपाण्याची टाकी १०० लिटरची केली तर चार.