गॅस गीझर: पाणी गार का येतं? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडचा गीझर साधा आहे. मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा, दोन मोठ्या सेलवर आपोआप पेटणारा. सुरुवातीचे महिने तक्रारीला जागाच नव्हती. नळ सोडला की टक-टक-टक, भप्प, आणि काही क्षणांत कढत पाणी. मग एक दिवस टक-टक झाली, पण ज्योत आली नाही. पुढे कधी पेटायचा, कधी अंगाला साबण लावल्यावर विझायचा. मेकॅनिक आला, वरवर बघितलं आणि म्हणाला, "गॅसचा व्हॉल्व्ह गेलाय, बदलावा लागेल." मी थांबायला सांगितलं आणि यंत्र नेमकं कसं चालतं ते आधी समजून घेतलं. व्हॉल्व्ह आजही जुनाच आहे आणि पाणी व्यवस्थित तापतंय.

माझं ठाम मत झालंय की गॅस गीझरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यात असतं, गॅसमध्ये नाही. गीझरच्या आत रबराची एक चकती असते, डायफ्राम म्हणतात ती. पाणी पुरेशा जोरात वाहिलं की चकतीच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, ती एक पिन ढकलते, पिन मायक्रोस्विच दाबते, आणि मग सेलचा करंट ठिणगीला आणि गॅसच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला, म्हणजे करंट मिळाला की उघडणाऱ्या झडपेला मिळतो. म्हणजे पाण्यात जोर नसेल तर पुढचं काहीच घडत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे. पाणी नसताना बर्नर पेटला तर ज्या तांब्याच्या नळीतून वाहताना पाणी तापतं ती, म्हणजे कॉइल, जळून जाईल.

म्हणून पहिली तपासणी भांडं आणि घड्याळ घेऊन करा. एक लिटरचं माप गरम पाण्याच्या नळाखाली धरा. आमच्यासारख्या गीझरला पेटायला साधारण मिनिटाला अडीच लिटर प्रवाह लागतो, म्हणजे माप 24 सेकंदांत भरलं पाहिजे. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत असेल तर गॅसकडे बघूच नका.

आमचं माप फारच रेंगाळत भरत होतं. गार पाण्याचा कॉक बंद करून गीझरच्या तोंडाशी असलेला नट पान्याने सोडवला. आत नखाएवढी गोल जाळी असते. तिच्यावर बारीक वाळू होती, काळपट गाळाचा थर होता, आणि मधोमध पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा एक तुकडा आडवा चिकटून बसला होता. जोडणी करताना टेप गुंडाळतात, त्यातलाच तो. जुन्या टूथब्रशने जाळी घासली, वॉशर नीट बसवला, नट आवळला. पहिल्याच टक-टकीला ज्योत आली. मला इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आंघोळ चालू असताना विझण्याचं कारण मात्र वेगळं निघालं, आणि ते फार जणांच्या लक्षात येत नाही. पाणी फार कढत आलं की आपण मिक्सरमध्ये गार पाणी वाढवतो. गार पाणी वाढलं की गीझरमधून जाणारं पाणी कमी होतं. कमी पाणी तेवढ्याच ज्योतीवर आणखी तापतं, मग आपण गार पाणी आणखी वाढवतो, आणि शेवटी प्रवाह इतका घटतो की स्विच सुटतो आणि अंगावर गार पाणी. यावर उपाय सोपा आहे. गार पाणी मिसळण्याऐवजी गॅसची खुंटी कमी करा. आता आम्ही मिक्सर पूर्ण गरमकडे ठेवतो आणि हवं तेवढं तापमान खुंटीवरच लावतो. घरात दुसरा नळ किंवा वॉशिंग मशीन त्याच लाइनवर पाणी ओढत असेल तरीही हेच होतं.

ठिणगीच येत नसेल आणि प्रवाह चांगला असेल, तर सेल. इथे एक फसगत आहे. अर्धमेले सेल टक-टक करतात, पण व्हॉल्व्ह उघडून धरण्याइतका करंट देत नाहीत. त्यातून काढलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात मात्र छान चालतो, म्हणून लोक सेलला निर्दोष ठरवतात. दोन्ही सेल एकदम बदला, अल्कलाइन घ्या, आणि पट्ट्यांवर हिरवट गंज चढला असेल तर तो खरवडून काढा. न्हाणीघराच्या दमट हवेत तो हमखास चढतो.

ज्योत पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या कांडीवर काजळी असू शकते. ज्योतीतून अगदी क्षीण करंट वाहतो आणि त्यावरून सर्किटला ज्योत लागल्याचं कळतं. कांडी मळली की ते कळत नाही आणि गॅस बंद होतो. कांडी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसायची, पण आधी सिलिंडर बंद.

गॅसबद्दल एकच सांगते. "शेगडी चालतेय ना, मग गॅस आहे" हा पुरावा धरू नका. शेगडीचा एक बर्नर साधारण 2 किलोवॉटचा, तर हा गीझर पूर्ण ज्योतीवर 12 किलोवॉटच्या आसपास गॅस खातो. संपत आलेला सिलिंडर शेगडीला पुरतो, गीझरला नाही. सिलिंडर बदलल्यावर नळीतली हवा निघेपर्यंत गीझर लगेच पेटत नाही, तो बिघाड नव्हे.

ज्योत चांगली, तरी पाणी कोमट? आधी गणित बघा. मिनिटाला 6 लिटर पाणी वाहत असताना हा गीझर तापमान जेमतेम 25 अंशांनी वाढवतो. थंडीत येणारं पाणीच गारठलेलं असतं, तेव्हा प्रवाह कमी ठेवावाच लागतो. तेही करून फरक पडला नाही तर कॉइलमध्ये क्षार साचलेत. ते काम मी जाणकाराकडून करून घेतलं.

ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती दिसली तर गीझर बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. पिवळी ज्योत म्हणजे अपुरी हवा, आणि अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि माणूस बंद दारामागे कोसळतो. गीझर बंद न्हाणीघरात बसवूच नका. आमचा बाहेरच्या हवेशीर जागेत आहे, आत फक्त पाइप येतो. गॅसचा वास आला तर सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून कधीच नाही.

इतक्या महिन्यांनंतर मी यावर खूश आहे. खटकते ती एकच गोष्ट: 20 मिनिटांनी तो आपोआप बंद पडतो, नळ बंद करून पुन्हा सोडावा लागतो. सुरक्षेसाठी आहे, म्हणून चालवून घेतो. नवा घेणार असाल तर किती लिटरचा हे बघण्याआधी माहितीपत्रकात किमान पाण्याचा दाब किती लिहिलाय ते वाचा. टाकी नळापेक्षा एक मीटर उंच असेल तर साधारण 0.1 बार दाब मिळतो, त्या हिशेबाने आपल्या घरात तो पेटेल का हे घेण्याआधीच कळतं.