डिचोलीची गोधडी: पाच महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवे कापड घरात आणत नाहीत. पहिले बारा दिवस बाळाच्या अंगावर घरातलेच जुने, मऊ झालेले सुती कापड असावे, बारशाला नवे झबले चढवावे आणि मग हळूहळू बाकीचे करावे, अशी माझ्या आईच्या आणि सासूबाईंच्या अशा दोन्ही घरांची रीत आहे. त्यामुळे मे महिन्यात मुलगी झाली तेव्हा म्हापशातल्या आमच्या घरी बाळासाठी वेगळे म्हणून काहीच नव्हते. बारशाला मात्र तीन तयार गाद्या भेट म्हणून आल्या. दिसायला त्या सुरेख होत्या, पण आत कृत्रिम धाग्याचा जाड कापूस होता. जूनमध्ये पाऊस लागला आणि ओली झालेली गादी पंख्याखाली तीन-तीन दिवस वाळेना. चौथ्या दिवशी तिला कुबट वास येई, आणि तशा गादीवर महिन्याभराच्या मुलीला निजवण्याचा मला धीर होत नसे. नवजात बाळाची दिवसाला दहा-बारा लंगोटे, चार-पाच दुपटी, शिवाय अंथरूण, आणि बाहेर गोव्याचा पाऊस, हे गणित ज्या घराने सोसले आहे त्याला माझ्या म्हणण्याचा अर्थ लगेच कळेल.

याच काळात आईने डिचोलीच्या एका काकींचे नाव सुचवले. काकी घरातल्या जुन्या साड्या, लुगडी आणि धोतरे घेऊन त्यांच्या गोधड्या, दुपटी आणि कुंच्या हाताने शिवून देतात. त्यांचे दुकान नाही, पाटी नाही. बुधवारी डिचोलीचा आठवड्याचा बाजार असतो, त्या दिवशी सकाळी त्या बाजारात भेटतात आणि तिथेच कापड घेतात. मी त्यांच्याकडून एक गोधडी, दोन दुपटी आणि एक कुंची करून घेतली. जुलैच्या मध्यावर हे सगळे हाती आले. आज मुलगी सात महिन्यांची आहे आणि वापराला पाच महिने होत आले आहेत. वस्तू हातात आल्याबरोबर लिहिण्यापेक्षा पावसाळा आणि निदान पन्नास धुण्या झाल्यावर लिहावे, असे मी तेव्हाच ठरवले होते.

कापड द्यायला गेले तो प्रसंग थोडा विस्ताराने सांगते, कारण या कामाची खरी किंमत मला तिथे कळली. मी माझ्या आजीचे एक नऊवारी लुगडे, आईची एक सुती साडी आणि सासऱ्यांची दोन धोतरे नेली होती. काकींनी लुगडे उलगडून उजेडाकडे धरले आणि दोन्ही अंगठ्यांनी हात-हातभर अंतरावर ते आडवे ताणून पाहिले. जिथे धागे उसवून जाळी दिसली तिथे त्यांनी खडूने रेघ ओढली. लुगडे बसण्याच्या जागी आधी विरते, पदर आणि निऱ्यांचा भाग मात्र वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून बाळाच्या अंगाकडे निऱ्यांचे कापड येईल आणि विरलेला भाग मी वापरणारच नाही, असे त्यांनी सांगितले. आईची साडी त्यांनी नाकाशी नेली, दोन बोटांत चुरगळली आणि बाजूला ठेवली. "बाये, ह्यात सूत कमी आणि दुसरेच जास्त आहे. बाळाला घाम येईल." ती साडी आम्ही इतकी वर्षे सुतीच समजत होतो. घरी येऊन तिचा एक धागा जाळून पाहिला. सुताची राख होते, हिचा मात्र वितळून कडक मणी झाला.

त्यानंतर त्यांनी विचारलेले प्रश्नही मला महत्त्वाचे वाटतात. बाळ पाळण्यात निजते की जमिनीवर, मालिश कोणत्या तेलाने करता, घरात धुण्याचे यंत्र आहे की हाताने धुता, आणि गोधडी खाली अंथरणार की वरून पांघरणार. खाली अंथरायची असेल तर चार थर पुरे होतात आणि ती लवकर वाळते. पांघरायची असेल तर सहा थर लागतात. आमच्या डॉक्टरांनी पहिले वर्षभर बाळाच्या अंगावर सैल पांघरूण घालू नये, तोंडावर सरकून श्वास कोंडू शकतो, आणि बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावरच निजवावे, असे बजावले होते. सासूबाईंना हे पटायला थोडे दिवस लागले. थंडी वाजेल, ही त्यांची काळजी खरीच होती. शेवटी अंगभर सुती कपडा घालून पांघरूण टाळायचे, असे आम्ही ठरवले आणि चार थरांची गोधडी सांगितली. ज्या वाचकांच्या घरी वडीलधारी मंडळी बाळाला गोधडीत गुरफटून ठेवण्याचा आग्रह धरत असतील, त्यांनी हा विषय गोधडी सांगण्याआधीच डॉक्टरांसमोर काढावा. दुपट्यात बांधतानासुद्धा बाळाचे पाय सरळ ताणून आवळू नयेत. मांड्या मोकळ्या आणि गुडघे वाकवता येतील इतकी सैल बांधणी खुब्याच्या सांध्यासाठी आवश्यक असते.

आता खुद्द गोधडीविषयी. ती साधारण साडेतीन फूट रुंद आणि साडेचार फूट लांब आहे. नऊवारी लुगडे आठ मीटरच्या आसपास भरते. त्यातला विरलेला भाग वगळूनही वरचा आणि खालचा थर निघाला, शिवाय दोन्ही दुपटी झाली. मधले दोन थर धोतराचे आहेत. चारही थर आधी मोठ्या टाक्यांनी कच्चे जोडून घेतात, मग कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असा धावदोरा आत आत नेत मधोमध संपवतात. दोन ओळींतले अंतर माझ्या करंगळीच्या रुंदीएवढे आहे आणि टाके तांदळाच्या दाण्याएवढे. एकाही टाक्याला गाठ नाही. धागा सुरू होतो आणि संपतो तिथे दोन उलटे टाके घालून टोक थरांच्या मध्ये ओढून घेतले आहे, त्यामुळे बाळाच्या पाठीला टोचेल असे वरच्या बाजूला काहीही लागत नाही. मी पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंवरून डोळे मिटून तळहात फिरवून पाहिला होता.

यंत्रावर शिवले असते तर काम एका दिवसात झाले असते, हे मी काकींना विचारले. जुन्या कापडाला यंत्राच्या सुईने सरळ ओळीत जवळजवळ छिद्रे पडतात आणि पुढे त्याच ओळीवर कापड फाटते, असे त्यांनी सांगितले. धागाही त्या सुतीच वापरतात, कारण कृत्रिम धागा जुन्या सुतापेक्षा बळकट असतो आणि धुण्यात पिळले की तोच कापड कापतो. पाच महिन्यांत एकही ओळ उसवलेली नाही, म्हणून या म्हणण्यावर माझा विश्वास बसला आहे. गोधडी शिवण्याची ही कडेकडून आत जाणारी पद्धत आपल्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात, येल्लापूर-हल्याळच्या भागात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीतही आहे. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणले गेले आणि ज्यांतल्या अनेकांची वाट पोर्तुगीज काळात गोव्यावरूनच गेली, त्या सिद्दींच्या कवंदीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची 'फुले' असतात. आमच्या गोधडीला फुले नाहीत, पण चारही कोपऱ्यांवर लुगड्याच्या काठाचा एकेक त्रिकोण दुहेरी शिवलेला आहे. कोपरेच आधी झिजतात, त्यामुळे ही शोभा उपयोगाची ठरली.

वापरात ती कशी आहे, हे सांगायचे तर भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, रात्री पिळून दोरीवर टाकलेली गोधडी पंख्याच्या वाऱ्यावर सकाळपर्यंत वाळत असे. एकदाही तिला कुबट वास आला नाही. खोबरेल तेलाचे डाग पडतात, पण कोमट पाण्यात रिठ्यामध्ये तासभर भिजवून हाताने चोळले की निघतात. मालिश मात्र मी तिच्यावर करत नाही, त्यासाठी वेगळे जुने धोतर ठेवले आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेव्हा भेट आलेल्या गादीवर मुलीची पाठ घामोळ्यांनी लाल होत असे, तेव्हा या गोधडीवर ती शांत झोपे. वारंवार धुवून सुताची खळ आणि ताठरपणा निघून गेलेला असतो आणि पातळ थरांतून हवा खेळती राहते, हे त्याचे कारण. रात्री दोन वाजता पाजायला उठले की माझा हात अंधारात पहिल्यांदा तिच्यावरच पडतो, आणि आजीच्या लुगड्याचा तो ओळखीचा मऊपणा बोटांना लागतो. माझी आजी तीन वर्षांपूर्वी गेली. तिने माझ्या मुलीला पाहिले नाही.

आता उणिवा. काकींनी तीन आठवड्यांत देते म्हटले होते, प्रत्यक्षात पाच आठवड्यांहून अधिक लागले. पावसात कापड नीट वाळल्याशिवाय मी थरावर थर घालत नाही, दमट राहिले तर आतून बुरशी धरते, हे त्यांचे कारण मला पूर्ण मान्य आहे. पण उशीर होणार हे एका फोनने कळवले असते, तर ओल्या बाळंतपणात मला दोनदा माणूस डिचोलीला पाठवावा लागला नसता. दुसरी उणीव रंगाची. लुगड्याचा काठ लाल आहे. तो वेगळा धुवा, असे त्यांनी तोंडी सांगितले होते खरे, परंतु धुणे करणारी मी नव्हते, आणि दुसऱ्याच धुण्यात एक पांढरे दुपटे गुलाबी झाले. अशा सूचना कागदाच्या चिठोरीवर लिहून वस्तूसोबत दिल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट कुंचीची. बाहेरून ती फार देखणी आहे, मागचा घोळ अगदी जुन्या घाटाचा आहे, मात्र आतून अस्तर म्हणून त्यांनी चकचकीत सॅटिन लावले होते. त्यात मुलीचे डोके घामाने भिजत असे. मी ती परत नेली तेव्हा काकींनी काहीही न बोलता अस्तर उसवले आणि धोतराच्या उरलेल्या तुकड्याचे नवे लावून दिले. त्याचे पैसे घेतले नाहीत. हनुवटीखालचे बंदही मी त्याच वेळी आखूड करून घेतले, कारण लांब बंद बाळाच्या गळ्याभोवती अडकण्याची भीती असते.

गोधडीचे 1,800 रुपये, दुपट्यांचे प्रत्येकी 250 आणि कुंचीचे 450, असे एकूण 2,750 रुपये झाले. कापड आमचेच असताना हे महाग आहे, असे आमच्याकडे एक-दोघांनी बोलून दाखवले. मी हिशेब केला. एका गोधडीला काकींना बारा दिवस लागतात, रोज अडीच तास धरले तरी तीस तास होतात, म्हणजे तासाला 60 रुपये. डोळे आणि मान मोडून केलेल्या या कामाला हे मोल कमीच आहे, आणि पुढच्या वेळी मी स्वतःहून अधिक देणार आहे.

या सेवेतली एक गोष्ट मला अनपेक्षितपणे सगळ्यात जास्त आवडली. उरलेला प्रत्येक तुकडा त्यांनी एका पुरचुंडीत बांधून परत दिला. विरलेला भाग, कातरलेल्या कडा, काठाच्या चिंध्या, सगळे. बाळंतपणाच्या त्या दिवसांत फारसे बाहेर जाता येत नव्हते आणि मुलगी तासाभराच्या वर झोपत नसे. त्या तुटक वेळात मी आणि सासूबाईंनी मिळून त्या चिंध्यांचे चिमणाळे, म्हणजे पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या, केले. सासूबाई त्रिकोणी घडी घालून चिमणीची चोच काढत, मी आत विरलेल्या लुगड्याचेच कापूस भरल्यासारखे तुकडे कोंबून कडा शिवून घेई. मणी, टिकल्या, बटणे यांपैकी काहीही लावले नाही, कारण निसटून तोंडात जाऊ शकते. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला हातभराच्या आतलेच नीट दिसते आणि ठळक रंगभेद चटकन कळतो, म्हणून सात चिमण्यांपैकी तीन आम्ही पांढऱ्या कापडावर काळ्या धाग्याने जाड टाके घालून केल्या. सुरुवातीला मुलगी त्या तीनच चिमण्यांकडे टक लावून बघत असे. लाल चिमण्यांची पाळी नंतर आली. ती उठून बसायचा प्रयत्न करू लागली आणि हात वर पोहोचू लागले, तेव्हा आम्ही चिमणाळे पाळण्यावरून काढून खिडकीच्या गजाला बांधले. माझ्या मते काकींनी या पुरचुंडीचे वेगळे पैसे लावले असते, तरी मी ते दिले असते.

ज्यांना गोधडी करून घ्यायची असेल, त्यांनी पावसाळ्याआधी, शक्यतो एप्रिलपर्यंत कापड द्यावे. बाळंतपण पावसात येणार असेल आणि आधी शिवून घेणे घरात चालत नसेल, तर निदान जुनी कापडे आधीच गरम पाण्यात धुवून, कडक उन्हात वाळवून, धागा जाळून तपासून ठेवावी. काकी महिन्याला दोनच गोधड्या घेतात. पाठवण्याची सोय नाही, स्वतः जाऊन आणावी लागते. लाल, निळा असा पक्का न वाटणारा रंग असेल तर त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा आणि तसा रंग दुपट्यांत घालू नये, असे आपणच सांगावे.

माझी सव्वीस आठवड्यांची रजा ऑक्टोबरअखेरीस संपली आणि मी कामावर जाऊ लागले. दिवसभर मुलगी सासूबाईंजवळ असते. संध्याकाळी घरी येते तेव्हा गोधडी बैठकीच्या खोलीत जमिनीवर अंथरलेली असते आणि मुलगी तिच्यावर पालथी पडून, पोट घासत, लाल त्रिकोणाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचलेली असते. तो कोपरा तिला चोखायला हवा असतो. गेल्या आठवड्यात तिथला एक टाका सैल झालेला दिसला. पुढच्या बुधवारी मी गोधडी घेऊन डिचोलीला जाणार आहे, आणि सोबत आईचे एक सुती पातळही नेणार आहे. त्याचा धागा मी जाळून पाहिला आहे.