अक्रात बाजारहाट: अक्रा मॉल, वेस्ट हिल्स की मकोला बाजार?

नोकरीनिमित्त घानाच्या राजधानीत बिऱ्हाड हलवणाऱ्यांना घर शोधतानाच हा प्रश्न पडतो. दोन मॉलमधून एक निवडायचा असेल तर आधी नकाशा बघा.

अक्रा मॉल 2008 सालचा. तेत्ते क्वार्शी इंटरचेंजला लागून, विमानतळापासून जवळ. पूर्वेकडच्या टेमा या बंदर-शहराचा मोटरवे तिथूनच सुरू होतो. त्यामुळे टेमाच्या कारखान्यात नोकरी आणि स्पिंटेक्स रोड किंवा ईस्ट लेगॉनला घर असेल, तर तो येता-जाता वाटेतच पडतो. वेस्ट हिल्स 2014 चा आणि बराच मोठा, सुमारे 27 हजार चौरस मीटरचा. पण तो शहराच्या पार पश्चिमेला, वेजाजवळ, केप कोस्टच्या रस्त्यावर. टेमाकडून तिथे जायचं म्हणजे अख्खं अक्रा ओलांडायचं, वर कासोआच्या बाजूची वाहतूक कोंडी. वेजाकडे राहणार असाल तरच तो सोयीचा.

कुठलं दुकान कुठे आहे यावरून मात्र घर ठरवू नका. दोन्ही मॉल दक्षिण आफ्रिकेच्या शॉपराइट या सुपरमार्केट कंपनीच्या भरवशावर उभे राहिले, आणि त्याच कंपनीने 2025 मध्ये घानातून बाहेर पडायचं ठरवलं. अक्रा मॉलमधलं ‘गेम’ हे मोठं दुकान त्याआधीच गेलं. शिवाय मॉलमधला बराच माल आयातीचा. घानाचं चलन सेडी घसरलं की बिल फुगतं.

स्वयंपाकघर चालवायला खरा आधार मकोलाचा. हा बाजार बायकांच्या हातात आहे. 1979 मध्ये लष्करी राजवटीने महागाईचं खापर या व्यापारी बायकांवर फोडून मकोला जमीनदोस्त केला, तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मला या बाजाराबद्दल मनापासून आदर आहे. भेंडी, आलं, टोमॅटो, मिरच्या, शेंगदाणे, चवळी, कच्ची केळी, सगळं मिळतं. धान्य-कडधान्य किलोवर नाही, ‘ओलोन्का’ नावाच्या डब्याने मोजून देतात, आपल्याकडच्या मापट्यासारखं. भाव हसत करावा. पार्किंगचे मात्र हाल, ऊन आणि गर्दी प्रचंड. लहान मुलं सोबत असतील तर सकाळी लवकर जा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

माझा कौल: घर अक्रा मॉलच्या बाजूला घ्या. सिनेमा, बँक, मुलांचे बूट तिथे. भाजी आणि कडधान्यासाठी शनिवारी सकाळी मकोला.