गाठी विकाव्यात की सूत काढावं? ब्रिटनचा करार आणि आपलं जिनिंग

हिंगणघाटकडच्या आमच्या शेतकरी कंपनीत सध्या एकच वाद सुरू आहे. कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारं जिनिंग आहे, रुईच्या गाठी बांधून विकतो. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी मुक्त व्यापार कराराच्या सह्या झाल्या, तेव्हापासून काही संचालकांना सूतगिरणीचे वेध लागलेत. परवाच्या बैठकीत एक काका म्हणाले, "काहून भाऊ, इतक्या दूर जहाजानं माल धाडला तर धूर नाही वाढणार?" प्रश्न रास्त. पण धुराची खरी जागा जहाज नाही.

आधी पैशाचं बघू. कच्च्या कापसावर ब्रिटनमध्ये करारापूर्वीही आयातशुल्क नव्हतं, म्हणून गाठीला यातून थेट छदाम मिळत नाही. फायदा तयार कपड्याला आहे, त्यावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं शुल्क जातं. सूत या साखळीत मधोमध, त्यामुळे कपड्याची मागणी वाढली तर त्यालाही भाव. आणि करारांमुळे बाहेरचा कापूस येतो म्हणून बोटं मोडणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलियाच्या २०२२ च्या करारात कापसाला विनाशुल्क मुभा आहे ती ५१,००० टनांपुरतीच. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सगळ्याच कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठलं, तो दिल्लीचा स्वतःचा निर्णय होता.

आता धूर. ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये नाफ्टाच्या (अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोच्या व्यापार कराराच्या) निमित्तानं तीन गोष्टी वेगळ्या केल्या: व्यापार वाढला की माल किती निघतो, कोणता निघतो आणि कसा निघतो. गाठीवरून सुतावर जाणं म्हणजे 'कोणता' बदलणं, आणि आपल्याकडे तेच महाग पडतं. रुईच्या किलोमागे जिनिंग-प्रेसिंगला अर्धं युनिटही लागत नाही. मध्यम काउंटच्या (म्हणजे मध्यम जाडीच्या) सुताला किलोमागे साधारण ३ ते ४ युनिट लागतात. ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, तर एक टन सुतामागे दोन ते तीन टन धूर, बहुतेक कोळशाच्या चिमण्यांतून. तोच टन जहाजानं इंग्लंडला गेला तर साधारण एक-दीड क्विंटल. वर्ध्याहून बंदरापर्यंतचा ट्रकच त्याच्या निम्म्याला जातो!

युरियाच्या पोत्याचा आणि बांधावर पेटवलेल्या पऱ्हाटीचा धूर दोन्हीकडे सारखाच, म्हणून इथे धरला नाही. युरोपच्या कार्बन कराचीही, म्हणजे आयात माल बनवताना निघालेल्या धुरावरच्या कराचीही, भीती नको. १ जानेवारी २०२६ पासूनचा तो कर लोखंड, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत वगैरेंवर आहे, कापडावर नाही. झोप उडायची तर चंद्रपूरकडच्या लोखंडवाल्यांची.

कोणी म्हणेल, छतावर सोलर लावू. १०० किलोवॅट दिवसाला सरासरी ४०० युनिट देतं. तेवढ्यात रुई एक टनाच्या आसपास निघेल, सूत मात्र १०० ते १३० किलोच. म्हणून माझं मत सूत कातायच्या स्वतःच्या चात्या बसवण्याच्या विरोधात आहे. छत जिनिंगसाठी वापरावं, गाठींवर गावनिहाय नोंद ठेवावी आणि त्या सौर किंवा पवन वीज घेणाऱ्या गिरणीला द्याव्यात. अशा गिरणीकडे पहिल्या भेटीत भाव विचारण्याआधी मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मागायची, असं काकांनीच सुचवलंय.