लिओ नॉमेलिनीची तसबीर: छपाई उत्तम, मजकूर अर्धवट

लातूरमधील आमच्या तालमीसाठी लिओ नॉमेलिनी या ‘अमेरिकन फुटबॉल’ खेळणाऱ्या खेळाडूची, खाली कारकिर्दीचा आढावा छापलेली मोठी तसबीर ऑनलाइन मागवली. फुटबॉलचा हंगाम संपला की व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरणारा हा गडी पैलवान हरिश्चंद्र बिराजदार यांच्या तसबिरीशेजारी शोभेल, असे वस्तादांचेही मत पडले.

छपाईला नाव ठेवायला जागा नाही. एक हात जमिनीला टेकवून, कंबर खाली आणि मान वर ठेवून नॉमेलिनी पवित्र्यात आहे. बोटांवर आलेला भार इतका स्पष्ट दिसतो की पोरे फोटोखाली तसेच बसून पाहतात.

मजकुरात सलग खेळलेल्या सामन्यांचा 174 हा आकडा सर्वांत ठळक छापला आहे, आणि तेच योग्य आहे. नॉमेलिनीसारख्या लाइनमनने, म्हणजे पुढच्या रांगेतल्या खेळाडूने, समोरच्याला रेटून धरले म्हणून मागचा खेळाडू चेंडू घेऊन पळतो, पण गुण आणि वर्तमानपत्रातले नाव पळणाऱ्याला मिळते. त्यामुळे अशा खेळाडूचे मोठेपण मोजायला हजेरीसारखे माप नाही. इटलीतील लुक्का येथे 1924 मध्ये जन्मलेल्या आणि शिकागोत वाढलेल्या नॉमेलिनीला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाने 1950 मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधील आपल्या पहिल्याच खेळाडू-निवडीत घेतले, आणि 1963 पर्यंतच्या 14 हंगामांत तो नियमित हंगामातील एकाही सामन्याला मुकला नाही. आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंनी तो त्या-त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला, ही दुर्मीळ गोष्ट मात्र मजकुरातून गळाली आहे.

खरी चूक कुस्तीच्या ओळीत आहे. तेथे त्याला सरळ ‘जागतिक विजेता’ म्हटले आहे. वस्तुतः 1955 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हाचा जागतिक विजेता लू थेझ याला नियमभंगासाठी बाद ठरवल्यामुळे नॉमेलिनी जिंकला. काही ठिकाणी त्याला विजेता मानले गेले, तरी किताब देणाऱ्या नॅशनल रेसलिंग अलायन्स या संघटनेने तो थेझकडेच ठेवला. शिवाय ती व्यावसायिक कुस्ती निकाल आधी ठरलेली, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत नुरा कुस्तीच होती, आणि मातीत घाम गाळणाऱ्या पोरांना हे सांगितलेच पाहिजे. विक्रेत्याला तसे कळवले. उत्तर आले नाही.

चौकट हलकी आहे, काचेऐवजी लावलेल्या प्लास्टिकवर ट्यूबलाइट चमकते आणि मागची कडी पहिल्याच आठवड्यात निसटली. नुसता छापील कागद कमी किमतीत मिळतो. तोच मागवावा आणि चौकट गावातल्या फ्रेमवाल्याकडून करून घ्यावी.