आखात की तांबडा समुद्र: वाळवंटी किनाऱ्याची आलिशान क्रूझ निवडताना

वाळवंटाच्या कडेने जाणाऱ्या आलिशान क्रूझच्या जाहिराती एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या असतात. निळं पाणी, पिवळे डोंगर, एखादा मनोरा आणि डेकवर पांढऱ्या खुर्च्या. प्रत्यक्षात बहुतेकांपुढे दोन मार्ग असतात. एक आखाताचा: दुबईहून निघून अबूधाबी, दोहा, खसब, मस्कत. दुसरा तांबड्या समुद्राचा: जॉर्डनचं अकाबा, इजिप्तचं सफागा, सौदीचं जेद्दा आणि जमल्यास सुएझ कालवा. वाळवंट दोन्हीकडे आहे, जुनी बंदरंही दोन्हीकडे आहेत. खरा फरक जहाज धक्क्याला लागल्यानंतर सुरू होतो. ओमानमध्ये आणि आखातात पाहण्याजोगं बरंचसं किनाऱ्यालगतच आहे. तांबड्या समुद्रावर ज्यासाठी जायचं ते दोन ते चार तास आत, वाळवंटात आहे. मी तरी निवड याच मुद्द्यावर करेन. सुइट केवढा आणि बाल्कनी किती लांब, हे त्यानंतर बघावं.

मस्कत घ्या. क्रूझ जहाजं सुलतान काबूस बंदरात लागतात आणि समोरच मुत्राहची जुनी वस्ती असते. 2014 मध्ये इथली मालवाहतूक सोहारला हलवली. बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, शटल बस फाटकाशी सोडते. तिथून समुद्राला लागून चालत गेलं की मुत्राहचा सूक. लोबानाचा वास बाजाराच्या तोंडाशीच गाठतो. जुन्या मस्कतमधले जलाली आणि मिरानी हे किल्ले टॅक्सीने थोड्या अंतरावर आहेत. पोर्तुगीजांनी ते 1580च्या दशकात बांधून काढले आणि 1650 मध्ये ओमानींनी त्यांना मस्कतमधून हाकललं. एक वेळापत्रक मात्र सांभाळावं लागतं. सुलतान काबूस ग्रँड मशीद मुस्लिमेतरांसाठी सकाळी 8 ते 11 एवढीच उघडी असते आणि शुक्रवारी नाहीच. सूकमधली दुकानं दुपारी बंद होतात ती थेट संध्याकाळकडे उघडतात. म्हणजे सकाळी आधी मशीद, मग बाजार. आणि जहाज शुक्रवारी मस्कतला पोचत असेल तर दुसरी तारीख शोधलेली बरी.

खसब हे ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पावरचं लहानसं ठिकाण. इथे उघडेबोडके डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि त्यांच्यामधून पाणी आत घुसलेलं असतं. धाऊ गलबतात गालिचे टाकलेले असतात, बरोबर बऱ्याचदा डॉल्फिन पोहतात. वाटेत टेलिग्राफ बेट लागतं. 1860च्या दशकात ब्रिटिशांनी समुद्राखालच्या तारेसाठी इथे ठाणं उभारलं होतं. त्या उन्हात, त्या खडकावर कुणाची नेमणूक होत असेल, हा विचार आल्याशिवाय राहत नाही.

दुबई, अबूधाबी, दोहा यांच्याबद्दल थोडक्यात: संग्रहालयं उत्तम आहेत. अबूधाबीचं लूव्र 2017 मध्ये उघडलं, दोह्याचं इस्लामिक कला संग्रहालय 2008 मध्ये. दुबईत जुनं काही हवं असेल तर अल फहिदीच्या गल्ल्या पाहाव्यात आणि खाडी ओलांडायला 1 दिरहम देऊन अब्रा नावाच्या होडीत बसावं. पण ही शहरं विमानाने जाऊनही तितकीच छान बघता येतात. डेकवरून वाळवंट नाही, टॉवर दिसतात. म्हणून आखाताच्या सफरीत ओमानचं एकही बंदर नसेल तर मी त्यावर पैसे घालणार नाही.

तांबड्या समुद्राचं गणित वेगळं. अकाबा ते पेत्रा हे खडकात कोरलेलं प्राचीन शहर सुमारे 125 किलोमीटर, जायला दोन तास आणि यायला दोन. फाटकापासून अल खझने या कड्यात कोरलेल्या प्रसिद्ध वास्तूपर्यंत साधारण दोन किलोमीटर चालायचं, त्यातली सव्वा किलोमीटरच्या आसपासची वाट सीक नावाच्या अरुंद घळीतून. बस परतीला निघेपर्यंत हातात चार-पाच तास उरतात. तेवढ्यात थडगी आणि रंगमंदिर बघून होतं, पण आठशेहून अधिक पायऱ्या चढून डोंगरावर कोरलेलं अद्‌-दैर गाठायचं तर धावपळ होते. सफागाहून लक्सर त्याहून लांब, एका बाजूचे तीन-साडेतीन तास. तिथलं कर्नाकचं मंदिर आणि फॅरोंच्या थडग्यांची राजांची दरी एकाच दिवसात उरकणं म्हणजे दोघांवरही अन्याय. यावर उपाय एकच: जहाज त्या बंदरात रात्रभर थांबतंय का, ते बघणं. लहान आलिशान जहाजं काही वेळा थांबतात. अकाबाला मुक्काम असेल तर एक दिवस पेत्राला देऊन दुसऱ्या दिवशी वादी रमचं वाळवंटही होतं आणि मग या मार्गाशी बरोबरी करणारं आखातात काही उरत नाही. मुक्काम नसेल, तर महागड्या सुइटचे पैसे भरून दिवस बसमध्ये घालवायची तयारी हवी.

जेद्दा या नियमाला अपवाद. अल बलद ही जुनी पेठ बंदरापासून जवळ आहे. प्रवाळाच्या दगडात बांधलेली उंच घरं, पुढे आलेल्या कोरीव लाकडी खिडक्या. 2014 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सौदीचं पर्यटक ई-व्हिसाचं दार 2019 मध्ये उघडलं, त्यामुळे या किनाऱ्याची क्रूझ अजून नवीच आहे. जेद्दाहून निघणाऱ्या अरोया या सौदी कंपनीच्या जहाजावर मद्य मिळत नाही. कुणाला ही अडचण वाटेल, कुणाला सोय.

पाण्यात उतरायचं असेल तर प्रश्नच मिटतो. आखाताची सरासरी खोली 35 मीटरच्या आसपास. तांबडा समुद्र काही ठिकाणी 2,000 मीटरहून खोल आहे आणि त्याच्या काठाने प्रवाळ आहेत. इजिप्तमधल्या शर्म अल शेखजवळचं रास मोहम्मद त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

आणि सुएझ. 1869 मध्ये खुला झालेला हा कालवा आज 193 किलोमीटर लांब आहे. त्यात जहाज वर-खाली करणारे जलपाश कुठेही नाहीत, जहाज ताफ्यात लागून संथपणे पुढे सरकत राहतं. पश्चिमेला बराच काळ हिरवळ आणि गावं, पूर्वेला सिनाईची वाळू. वाटेतल्या ग्रेट बिटर सरोवरात 1967च्या युद्धामुळे मालवाहू जहाजं अडकली, ती 1975 मध्ये कालवा पुन्हा उघडेपर्यंत तिथेच होती. डेकवर साचणाऱ्या वाळूवरून त्यांना ‘पिवळा ताफा’ हे नाव पडलं. दिवसभर डेकवर बसून राहण्यातही मौज असणाऱ्यांना सुएझसारखा दिवस आखाताच्या कुठल्याही सफरीत मिळणार नाही.

आता जहाज. सिल्व्हर मूनवर 596 प्रवासी, एक्सप्लोरा वनवर 461 सुइट. आलिशान म्हणतात ते साधारण या आकाराचं. मोठ्या जहाजावर हजारो माणसं एकाच वेळी धक्क्यावर उतरतात आणि मुत्राहसारखा लहान बाजार तासाभरात भरून जातो. भाड्यात किनाऱ्यावरच्या सहली धरल्या आहेत की नाहीत, हे तांबड्या समुद्रासाठी आधी विचारा. रीजंट या क्रूझ कंपनीच्या भाड्यात बऱ्याच सहली येतात. इतर कंपन्यांकडे पेत्रा किंवा लक्सरचा दिवस वेगळा घ्यावा लागू शकतो आणि तो स्वस्त नसतो. मस्कतला मात्र टॅक्सीवर भागतं, तिथे ‘सगळं समाविष्ट’साठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

हंगाम दोन्हीकडे नोव्हेंबर ते मार्च. पेत्रा उंचावर असल्याने जानेवारीत तिथे चांगलीच थंडी वाजते. सध्या रमजानही याच महिन्यांत येतो, तेव्हा दिवसा बाजारांची वेळ आणखी आखडते. दुबईहून निघून दुबईलाच परतणार असाल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरेल का, हे बुकिंगआधी कंपनीकडून लेखी घ्या.

वाळवंट समुद्रापर्यंत आलेलं बघणं हीच ओढ असेल, तर खरं म्हणजे या दोन्हींकडे जाऊ नका. नामिबियातल्या वॉल्व्हिस बेच्या दक्षिणेला सँडविच हार्बरपाशी वाळूच्या टेकड्या लाटांना भिडतात. थंड बेंग्वेला प्रवाहामुळे पहाटे दाट धुकं पसरतं. ल्यूडेरिट्झजवळ हिऱ्यांसाठी वसलेलं आणि 1956 पर्यंत ओस पडलेलं कोल्मन्सकोप आहे, तिथल्या खोल्यांत वाळू शिरली आहे. मात्र बंदरं थोडी आणि त्यांच्यामधला समुद्र थंड, खवळलेला.

राहिला सुरक्षेचा भाग. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक क्रूझ कंपन्यांनी तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड असलेली बाब अल मंदेब सामुद्रधुनी टाळून आफ्रिकेला वळसा घातला. अकाबा, सफागा, जेद्दा एवढ्यापुरत्या सफरीला त्या सामुद्रधुनीतून जावं लागत नाही. दुबई ते मस्कत जायला मात्र होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जाणं भाग आहे आणि इराणशी तणाव वाढला की तो मार्गही धोक्यात येतो. कराराप्रमाणे कंपनी एखादं बंदर गाळू शकते आणि त्यासाठी भाड्याचे पैसे परत मिळतीलच असं नाही. आखाताच्या सफरीत एक बंदर गळालं तरी बाकीची उरतात. तांबड्या समुद्रात अकाबा गळालं तर पेत्राच गेलं. म्हणून तो मार्ग घेणाऱ्याने रद्द करण्याच्या अटी आणि विम्यातले अपवाद पैसे भरण्याआधी वाचून घ्यावेत.