रिपकेन की जीटर: शॉर्टस्टॉप शिकायचा तर कोणाची कारकीर्द बघावी?

बेसबॉलचे नियम अंगवळणी पडले, एक-दोन सीझन बघून झाले, की इनफिल्डचं, म्हणजे बेसजवळच्या फिल्डिंगचं, आकर्षण वाटायला लागतं. मग प्रश्न येतो तो एकच खेळाडू धरून त्याची कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची तर कोणाची. ज्यांच्या मुलांना लिटल लीगच्या (लहान मुलांच्या बेसबॉलच्या) कोचने शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी, उभं केलंय, असे इथले मराठी पालकही मला हेच विचारतात. चर्चेत नावं बहुधा दोनच उरतात: बाल्टिमोर ओरिओल्सचा कॅल रिपकेन ज्युनियर आणि न्यूयॉर्क यँकीजचा डेरेक जीटर. सुट्टीच्या दिवशी सॉफ्टबॉल खेळताना मी याच जागेवर उभा राहतो, त्यामुळे ही निवड मलाही करावी लागली. दोघांचे जुने सामने मिळतील तेवढे पूर्ण बघितले. खाली लिहितोय ते त्या बघण्यातून आलेलं मत आहे. कोणाचं वेगळं असेल तर त्यालाही आधार सापडेल.

दोघेही आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळले, दोघांचे तीन हजारांच्या वर हिट्स आहेत, दोघेही पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेममध्ये गेले. इथे डावं-उजवं करायला काही नाही.

बॅटिंगमध्ये मात्र जीटर पुढे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करावं. ३,४६५ हिट्स, .३१० ची सरासरी (शंभरातल्या साधारण एकतीस वेळा हिट), आणि आतल्या बाजूला आलेला चेंडूही उजव्या फिल्डकडे ढकलण्याची ती सवय वर्षानुवर्षं बघूनही कंटाळा येत नाही. रिपकेनची सरासरी .२७६. होमरन ४३१ आहेत, पण मधले काही सीझन बॅटिंग अगदी रुसल्यासारखी गेली. उभं राहण्याची पद्धत तो इतक्या वेळा बदलायचा की एका वर्षाचा सामना बघून दुसऱ्या वर्षाचा लावला, तर बॅटर वेगळाच वाटावा. मुलाने बॅटिंग बघून शिकावं असं वाटत असेल तर जीटर दाखवा, फार विचार करू नका.

मोठ्या सामन्यांचंही तेच. जीटरला पाच वर्ल्ड सिरीज (सीझनअखेरची अजिंक्यपदाची लढत) मिळाल्या: १९९६, १९९८, १९९९, २००० आणि २००९. प्लेऑफमधले, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधले, त्याचे सामनेच १५८ आहेत, म्हणजे जवळजवळ एक अख्खा सीझन. रिपकेनला एकच वर्ल्ड सिरीज मिळाली, १९८३ ची. त्यानंतर बाल्टिमोरची उतरती कळा लागली. १९८८ मध्ये तर संघ सीझनचे पहिले २१ सामने ओळीने हरला, आणि त्यातल्या सहा पराभवांनंतरच मॅनेजरला काढून टाकलं. तो मॅनेजर म्हणजे रिपकेनचे वडील. हा त्याच संघात त्याच जागेवर दुसऱ्या दिवशीही उभा होता. जीटरच्या कारकिर्दीत असा काळ शोधून सापडत नाही.

आता मी ज्या गोष्टीवर अडलो, ती सांगतो.

जीटरच्या निवडक क्षणांचे व्हिडिओ बघितले तर तो आजवरच्या सगळ्या शॉर्टस्टॉपमध्ये सर्वोत्तम वाटतो. थर्ड बेसच्या बाजूला खोल धावत जायचं, उलट्या ग्लव्हने चेंडू उचलायचा, हवेत उडी घेऊन फर्स्ट बेसला फेकायचा. सुंदर दिसतं ते. पण पूर्ण सामने लावून बसलं की वेगळीच गोष्ट डोळ्यांत खुपायला लागते. तिसरी-चौथी इनिंग असते, विशेष काही चाललेलं नसतं. पिचरने काम चोख केलेलं असतं, बॅटरला जेमतेम एक ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा चेंडू) मारता येतो, तोही सेकंड बेसच्या बाजूने. जीटर डावीकडे निघतो, झेपावतो, आणि चेंडू ग्लव्हच्या पुढून सेंटर फिल्डला जातो. सिंगल, म्हणजे बॅटर फर्स्ट बेसला सुखरूप. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. कॉमेंट्री करणारे त्याच्या प्रयत्नाचं कौतुक करतात आणि स्कोअरकार्डवर त्याच्या नावापुढे काही लागत नाही, कारण जिथे पोचलोच नाही त्या चेंडूचा एरर (फिल्डरची चूक) धरत नाहीत. त्याची फिल्डिंगची टक्केवारी .९७६ आहे, चांगलीच आहे. पण ती टक्केवारी हाताला लागलेल्या चेंडूंची. निसटून गेलेल्यांची मोजणी तिच्यात नाही.

सुरुवातीला मी त्याकडे दुर्लक्ष केलं. एखादा चेंडू कोणाच्याही हातून जातो. पण एकदा ते दिसायला लागलं की दिसतच राहतं. मी स्वतः त्या जागेवर उभा राहतो म्हणून असेल, मला दर वेळी पिचरचं वाईट वाटायचं. फिल्डर किती चेंडूंपर्यंत पोचतो याचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासकांनीही जीटरला या बाबतीत बरंच खाली ठेवलंय. यँकीजच्या चाहत्यांशी या विषयावर न बोललेलं बरं. पाच गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं दर वर्षीचं बक्षीस) आहेत, हे ते लगेच दाखवतात, आणि ते खरंच आहे. रिपकेनला दोनच मिळाले, १९९१ आणि १९९२ चे. पण १९९० मध्ये रिपकेनने १६१ सामन्यांत फक्त तीन एरर केले होते आणि त्या वर्षी त्याच्या लीगमधला शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह ओझी गियेनला गेला. त्यामुळे या बक्षिसावरून कोणाची फिल्डिंग जोखावी असं मला वाटत नाही.

रिपकेनचे सामने बघताना ही बोच नाहीशी झाली. खरं सांगायचं तर पहिल्या काही सामन्यांत मला त्याच्यात बघण्यासारखं काही दिसलंच नाही. ना सूर, ना उडी. सहा फूट चार इंचांचा माणूस, शॉर्टस्टॉपसाठी फार उंच समजला जायचा, पायातही फार वेग नाही. १ जुलै १९८२ रोजी ओरिओल्सचा मॅनेजर अर्ल वीव्हरने त्याला थर्ड बेसवरून शॉर्टस्टॉपला आणलं तेव्हा अनेकांना तो निर्णय पटला नव्हता. पण चेंडू बॅटवरून सुटतो आणि हा माणूस तिथे असतो. टीव्हीचा कॅमेरा पिचर आणि बॅटरवर असतो, त्यामुळे तो तिथे कधी गेला हे आपल्याला दिसत नाही. ते हेरायला थोडी चिकाटी लागते: कॅमेरा मागे गेला की बॅटर बघू नका, शॉर्टस्टॉपचे पाय बघा. कॅचरची खूण बघून, पिचर काय टाकणार आणि हा बॅटर त्याचं काय करणार याचा अंदाज घेऊन, तो दोन पावलं आधीच सरकलेला असतो. शाळेत असताना तो पिचर होता, हातात जोर होता, म्हणून जरा मागे उभं राहणंही त्याला परवडायचं. उजव्या हाताच्या बॅटरला फर्स्ट बेस गाठायला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. सगळा हिशेब तेवढ्यात बसवायचा असतो, आणि रिपकेन तो चेंडू येण्यापूर्वीच बसवून मोकळा होतो. १९८४ मध्ये त्याच्या नावावर ५८३ असिस्ट (त्याने फेकलेल्या चेंडूवर समोरचा बाद) आहेत, अमेरिकन लीगमधल्या शॉर्टस्टॉपचा विक्रम. सूर न मारता आलेले आहेत हे.

मायनर लीगच्या (मुख्य लीगच्या खालच्या पातळीच्या) मैदानांवर वडिलांच्या मागे फिरत तो वाढला, त्याचा यात मोठा वाटा असावा. आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला हेच महत्त्वाचं वाटतं. जीटरची उडी दहा वर्षांच्या मुलाने मारली तर चेंडू फर्स्ट बेसच्या अलीकडेच टप्पा खातो, इथल्या कुठल्याही पार्कमध्ये शनिवारी सकाळी हे बघायला मिळेल. उभं कुठे राहायचं हे मात्र त्याच वयाच्या मुलाला शिकता येतं.

रिपकेन बघताना त्रास आहे तो त्या सलग सामन्यांच्या विक्रमाचा. ३० मे १९८२ ते १९ सप्टेंबर १९९८, ओळीने २,६३२ सामने, आधीचा विक्रमवीर लू गेरिगच्या २,१३० च्या कितीतरी पुढे. विक्रम अफाट आहे. पण त्याच्यावर काहीही बघायला घ्या, बोलणं त्या आकड्यावर येतं आणि फिल्डिंग बाजूला पडते. बॅट चालत नव्हती तेव्हा त्याने विश्रांती घ्यायला हवी होती, हा आक्षेप त्या काळीही होता आणि मला तो पूर्ण खोडता येत नाही.

जीटरवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट लिहायलाच हवी. १३ ऑक्टोबर २००१, ओकलंड, यँकीज १-० ने पुढे. उजव्या फिल्डमधून आलेला थ्रो तो मधे झेलून पुढे द्यायला उभ्या असलेल्या दोघांच्याही डोक्यावरून गेला, आणि शॉर्टस्टॉप जिथे सहसा नसतो तिथे, फर्स्ट बेसच्या रेषेपाशी, जीटर धावत आला आणि चेंडू उलट्या हाताने कॅचर पोसाडाकडे टाकला. होमकडे धावणारा ओकलंडचा जेरेमी जिआम्बी बाद. तो चेंडू वेगाने नाही, जागेच्या समजेने मिळाला. ही समज त्याच्याकडे होती. म्हणूनच डावीकडचे ते चेंडू जास्त खटकतात.

जागेच्या बाबतीतही दोघे वेगळे. रिपकेन १९९७ पासून थर्ड बेसला गेला. २००४ मध्ये आधीच्या दोन वर्षांचा गोल्ड ग्लव्ह मिळवलेला शॉर्टस्टॉप अलेक्स रॉड्रिग्ज यँकीजकडे आला, तेव्हा थर्ड बेसला रॉड्रिग्ज गेला. जीटर २,६७४ सामने शॉर्टस्टॉपलाच उभा राहिला, फिल्डमध्ये दुसरीकडे कधीच नाही. निष्ठा म्हणून हे मोठं आहे. संघाच्या सोयीचं होतं का, याबद्दल मला शंका आहे.

तेव्हा घरात यँकीजची टोपी असेल, ऑक्टोबरमधल्या प्लेऑफचा थरार हवा असेल, मूल अजून खेळाच्या प्रेमात पडायचं असेल, तर जीटर घ्या. २००१ चा तो ओकलंडचा सामना आणि ९ जुलै २०११ चा, ज्यात तीन हजारावा हिट होमरनने आला, हे दोन पुरेसे आहेत. मुलाला शॉर्टस्टॉपला उभं केलं असेल आणि तो दर आठवड्याला ग्राउंडर सोडून घरी येत असेल, तर मी रिपकेनकडे झुकेन. सुरुवात १६ ऑक्टोबर १९८३ च्या, वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यापासून करा. शेवटचा झेल त्याच्याच हातात आहे, पण त्याच्या आधीच्या आठ इनिंगमध्ये त्याचे पाय बघायला विसरू नका.